पांढरी विटकर

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे प्रथम बिघाडाचा शोध होत नाहीं, बिघडविणाऱ्याचा होतो. दूध उतूं गेलें कीं तें पुसण्यापूर्वींच 'शेगडीपाशीं कोण होतें?' हा प्रश्न माजघरांतून निघतो. ही खोड आमच्या घरीं आहे हें आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होतें. तथापि तिचे मुख्य धनी आम्हीच आहों हें कळून येण्यास एक जुनी मोटार, एक ट्रॅक्टरचा दिवा आणि वालूरची वाट यांची गांठ पडावी लागली. ती हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

आमचे थोरले चुलते, ज्यांस घरांत लहानथोर सर्वच आबा म्हणतात, बांधकाम खात्यांत ओव्हरसियर होते. १९७१ सालीं त्यांनीं ही गाडी जुनी म्हणूनच विकत घेतली. तेव्हांच तिचें वय दहा-बारा वर्षांचें होतें. अमेरिकन घाटाची, सहा सिलिंडरांची, रुंद नाकाची अशी ती आहे. तिच्या कारखानदाराचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं, कारण पुढें ज्या दोषाची कथा यावयाची आहे तो घडणीचा नव्हे. वयाचा आहे, आणि थोडा आमच्या स्वभावाचा. असल्या गाड्या त्या काळीं महाराष्ट्रांत दुर्मिळ नव्हत्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत क्रायस्लर कंपनीशीं झालेल्या कराराप्रमाणें डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळविल्या जात, आणि गांवोगांवच्या डॉक्टर-वकिलांच्या दारीं त्या दिसत. आमच्या गाडींतून तीन नववधू घरांत आल्या, आणि दोन आजारी माणसें नांदेडास इस्पितळांत गेलीं. त्यांतलें एक परत आलें नाहीं. अशा गाडीस घरांत कोणी निव्वळ गाडी समजत नाहीं.

दोन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत आमच्या धाकट्या बंधूनें ती एका लग्नास नेली. निघण्यापूर्वीं त्यानें कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि वाटेंत पेट्रोल भरलें. परततांना गाडी तीनदां बंद पडली. दर खेपेस अर्धा-पाऊण तास थांबावें, मग ती सुरू व्हावी, दहा मैल जावें, पुन्हां तेंच. रात्रीं अकरा वाजतां मंडळी घरीं पोंचली. आम्ही ओटीवर वाट पाहत बसलों होतों. 'काय झालें?' असें न विचारतां 'काय केलेंस?' असें आम्हीं विचारलें. त्यानें कार्ब्युरेटरची गोष्ट प्रांजळपणें सांगितली. तेव्हां सर्व मंडळींसमक्ष, त्याच्या पत्नीसमक्ष व वाढत्या मुलीसमक्ष आम्ही बोलून गेलों, "ज्याला बसवतां येत नाहीं त्यानें उघडूं नये."

बंधूनें उत्तर दिलें नाहीं. खिशांतली किल्ली काढून त्यानें देवघराच्या फळीवर ठेवली, हातपाय धुतले आणि तो जेवावयास बसला. त्यानंतर दोन वर्षांत त्यानें त्या किल्लीस हात लावला नाहीं. आमच्याशीं तो बोलत नव्हता असें मात्र नव्हे. विजेचें बिल भरलें, सातबारा आणला, आईचें औषध संपलें, इतकें तो बोलत असे. परंतु जेवणें झाल्यावर ओटीवर तासभर जी निरर्थक बडबड चाले ती बंद झाली. ती बडबड घराला किती धरून होती हें ती थांबल्यावर समजलें.

गाडीचे उपचार मात्र जोरांत चालले. परभणीचें ऊन प्रसिद्धच आहे. 'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' ही म्हण कशावरून पडली असेल ती असो, उन्हाच्या बाबतींत आम्हीं ती खरी मानलेली आहे. म्हणून पहिल्या मिस्त्रीनें निदान केलें कीं उष्णतेनें पेट्रोलची वाफ होते व पंप हवा धरतो. पंपावर ओलें फडकें गुंडाळण्याचा उपाय त्यानें सांगितला, आणि फडकें भिजवून अर्धा तास बसलें म्हणजे गाडी खरोखरच सुरू होई. गुण फडक्याचा कीं अर्ध्या तासाचा, हा प्रश्न दोन वर्षांत आमच्या मनांत आला नाहीं. दुसऱ्यानें टाकी उतरून धुतली. तिसऱ्यानें प्लग, पॉइंट व कंडेन्सर बदलले. चौथ्यानें गार गाडीला मीटर लाविला, बारा व्होल्ट भरलेले पाहिले आणि "करंटचें काम चोख आहे" असा दाखला दिला. या कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. १९७० नंतर हळूहळू इलेक्ट्रॉनिक पद्धति आली, पॉइंटांच्या गाड्या मागें पडल्या, आणि आजच्या तरुण मिस्त्रींनीं अशी गाडी क्वचितच हाताळलेली असते. आम्हांस तीहि सबब नाहीं. दर खेपेस पैसे मोजतांना आम्ही मनांत म्हणत असूं, त्या दिवशीं कार्ब्युरेटर उघडला नसता तर! अखेर गेल्या पौषांत गाडी विकावी असें ठरलें. गिऱ्हाईकही आलें. आबा इतकेंच म्हणाले, "शिवरात्रीस तिच्यांतून एकदां वालूरला नेऊन आणा."

वालूर हें सेलू तालुक्यांतील आमचें मूळ गांव. तेथला आमचा वाडा केव्हांच पडला. जोतें व एक कडुलिंब राहिला आहे. गांवाची प्रसिद्धि आहे ती तेथील बारवेमुळें. महाराष्ट्रांत चौकोनी बारवा पुष्कळ आहेत; वालूरची बारव गोल असून तिच्या पायऱ्या सरळ खालीं न उतरतां सापाच्या वेटोळ्याप्रमाणें कडेनें फिरत फिरत तळाशीं जातात. आबा लहानपणीं तींत पोहावयास शिकले. पुढें नळ आले, बोअर आले, आणि बारव गाळानें व केरानें भरत गेली. अलीकडच्या वर्षांत गांवकऱ्यांनीं श्रमदान करून ती मोकळी केली, आणि रोहन काळे यांनीं चालविलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळें असल्या बारवांकडे लोकांचें लक्ष वळलें. महाशिवरात्रीस बारवांतून पणत्या लावून दीपोत्सव करावा असा परिपाठ या मोहिमेनें पाडला आहे. मोकळी झालेली बारव आबांनीं पाहिली नव्हती.

शिवरात्रीच्या दुपारीं आम्ही निघालों. बंधु व भावजय सकाळींच एस.टी.नें पुढें गेलीं होतीं. त्या गाडींत पाय ठेवावयाचा नाहीं हा त्याचा नेम. पुढच्या बैठकीवर आबा व आम्ही. मागें आमची मंडळी, दोन मुलगे आणि बंधूची मुलगी. ही पुतणी तंत्रनिकेतनांत विजेच्या शाखेंत शिकते. डिकींत पणत्या, वाती व तेलाचा डबा. दोहों बाजूंस काढणीस आलेली ज्वारी होती. गाडी तासाहून अधिक वेळ सुरेख चालली, आणि वालूर दोन कोस राहिलें असतां एका बाभळीपाशीं रिवाजाप्रमाणें बंद पडली.

आम्हीं फडकें भिजविलें. पुतणी खालीं उतरून उभी होती. ती म्हणाली, "मोठेकाका, एकदां सेल्फ मारा." आम्हीं मारला. इंजिन तत्काळ पेटलें. किल्ली सोडली, तत्काळ विझलें. "पुन्हां." पुन्हां तसेंच. पांच वेळां तिनें तेंच करावयास लाविलें. मग म्हणाली, "पेट्रोल येत नाहीं म्हणतां, तर सेल्फ फिरतांना इंजिन कशावर पेटतें? आणि किल्ली सोडल्याच क्षणीं पेट्रोल कसें संपतें? पेट्रोलला किल्ली कळत नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. तोंच शेजारून आबा म्हणाले, "विटकर पाहा. कॉइलच्या बाजूस पांढरी विटकर आहे ती." दोन वर्षें हे बोलले कां नाहींत, असें आम्हांस क्षणभर वाटलें, परंतु आम्हीं त्यांस लक्षण कधीं सांगितलेंच नव्हतें, निदानच सांगितलें होतें.

आबा जिला विटकर म्हणतात ती बोटाएवढी चिनीमातीची वस्तु. तिच्या पोटांत तारेचें वेटोळें असतें. तिचें खरें नांव बॅलास्ट रेझिस्टर. बॅलास्ट म्हणजे रिकामें गलबत डोलूं नये म्हणून त्याच्या तळाशीं भरतात तें वजन. आपले दर्यावर्दी त्यास नीरम म्हणत. ठिणगी पाडण्याची जी जुनी पद्धति चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास अमेरिकेंत रूढ केली, तींत बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून जातो, पॉइंट नांवाची लहानशी जोडी तो क्षणोक्षणीं तोडते, आणि तुटण्याच्या क्षणीं कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगांत ठिणगी पडते. अमेरिकन गाड्यांस पूर्वीं बहुधा ६ व्होल्टांची बॅटरी असे. १९५५-५६ च्या सुमारास बहुतेकांनीं १२ व्होल्टांची स्वीकारली. हे १२ व्होल्ट अशा कॉइलवर सरळ सोडले तर पॉइंट जळतात. म्हणून आमच्या गाडींत कॉइल दीड ओहमची आणि तिच्या अलीकडे विटकर दीड ओहमची, मिळून तीन. बारास तिनानें भागिलें म्हणजे चार अँपियर. तेवढे पॉइंट सोसतात. विटकर गाळली तर आठ होतील.

पण सेल्फ फिरतांना तोच बॅटरीचा इतका प्रवाह ओढतो कीं तिचा दाब बारावरून नऊ-दहावर येतो, आणि नेमकी त्याच वेळीं ठिणगी जोरदार हवी असते. म्हणून अशी योजना केलेली असते कीं किल्ली सेल्फवर दाबून धरली आहे तोंवर प्रवाहानें विटकरीस वळसा घालून थेट कॉइलमध्यें जावें, आणि किल्ली सोडतांच विटकरींतून जावें. विटकर तुटली असतां काय होईल हें वाचकांनीं ताडलेंच असेल.

मीटर मात्र जवळ नव्हता. रस्त्यालगतच्या शेतांत विहिरीपाशीं एक गृहस्थ बसलेला दिसला. आम्हीं जाऊन म्हटलें, "आमची मोटार बंद पडली आहे." तो म्हणाला, "तीनची हाय का पाचची?" मराठवाड्यांत मोटार म्हणजे विहिरीवरची, रस्त्यावरची ती गाडी. उलगडा होतांच तो हंसला, पण त्याच्या गैरसमजांतच आमचें भाग्य होतें, कारण तो असल्या मोटारींच्या वायंडिंगचें काम करणारा निघाला आणि मीटर त्याच्या पिशवींतच होता.

आबा बसल्या जागेवरून सूचना देऊं लागले. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढलें, गाडी गिअरमध्यें घालून मुलांनीं किंचित् ढकलली, तेव्हां पॉइंट मिटले. "पॉइंट उघडे असतां मोजूं नका," आबा म्हणाले. "प्रवाहच वाहत नसला तर धड विटकर असो कीं मोडकळीस आलेली असो, दोन्ही टोंकांस बाराच दिसतील." किल्ली लाविली. विटकरीच्या बॅटरीकडील टोंकास १२ भरले. कॉइलकडील टोंकास शून्य. ती धड असती तर तेथें सहाच्या आसपास दिसावयास हवे होते.

पुतणीनें विटकर सोडविली. ती चांगलीच भाजत होती. रुमालांत धरून, टोंकें घासून, मीटर लावीपर्यंत पांच-सात मिनिटें गेलीं, आणि मीटरनें दीड ओहम दाखविले! सांगावयास लाज वाटते, पण आम्हांस आनंद झाला. दोन वर्षांचें आमचें मत वांचलें होतें. "ही तर धड आहे," आम्ही म्हणालों, "कार्ब्युरेटरच तो!"

"गार झाली म्हणून धड आहे," आबा म्हणाले. "तापवा तिला."

डिकींतून एक पणती काढली, तेलवात केली, मुलांनीं वाऱ्यास आडोसा धरला. विटकर पकडींत धरून पुतणीनें ती ज्योतीवर नेली. मीटरच्या तारा तिला जोडलेल्याच होत्या. एक मिनिट झालें, दीड. दोन मिनिटें झालीं, दीड. मग आंकडा थरथरला आणि नाहींसा झाला. ज्योतीवरून काढल्यावर कांहीं वेळानें दीड परत आले. पुन्हां तापविल्यावर पुन्हां गेले. आंतली तार कोठेंतरी चिरली होती. गार असतां टोंकें टेंकत, तापून सरकलीं कीं सुटत. ओल्या फडक्याचें पुण्य, चौथ्या मिस्त्रीचा दाखला, सर्व उलगडलें. कार्ब्युरेटरचा यांत कांहींएक संबंध नव्हता. त्या वैशाखांतल्या रात्रीं पुतणी ओटीच्या दारांत उभी होती. ती आतां कांहीं बोलली नाहीं, आमच्याकडे तिनें पाहिलेंही नाहीं. विटकर निवल्यावर तिनें ती रुमालांत बांधून आमच्या हातीं दिली.

त्यापूर्वीं आबांनीं ती चष्म्यापाशीं नेऊन पाहिली होती. चिनीमातीवर केसाएवढा तडा होता. त्यांनीं विचारलें, "तापल्या इंजिनावर कधीं पाणी मारलें होतें का?" मारलें होतें. लग्नास गाडी चकचकीत जावी म्हणून, आदल्या दिवशीं ती बाजारांतून आल्या आल्या हुड उघडून नळीनें धुण्यांत आली होती. तडा त्यानेंच गेला असें खात्रीनें म्हणतां येणार नाहीं. वस्तु साठ वर्षांची होती. पण धुण्याचा हुकूम आमचा होता.

आतां पुढें जावें कसें? वायंडिंगवाल्यानें तारेचा तुकडा पुढें केला, कीं दोन्ही टोंकें जोडून टाकूं. थोड्या अंतरास तें चालतें, परंतु आबांस पसंत नव्हतें. तसें जोडल्यानें कॉइल तापून तिच्यांतलें डांबर बाहेर आलेलें त्यांनीं पाहिलें होतें. "ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब मिळेल का?" त्यांनीं विचारलें. मिळाला, बारा व्होल्टांचा, चाळीस-पंचेचाळीस वॅटचा. तो विटकरीच्या जागीं तारांनीं जोडून, पेट्रोलच्या नळीपासून दूर, एका पट्टीस बांधला. सेल्फ मारला, इंजिन पेटलें. किल्ली सोडली, इंजिन चालूच राहिलें, आणि हुडाखालीं दिवा लागला.

येथें जी गंमत दिसली ती पुस्तकांत वाचून आम्हांस कधीं समजली नसती. इंजिन मंद असतां दिवा तेजस्वी. वेग वाढविला कीं दिवा मंद. पॉइंट मिटल्यावर प्रवाह एकदम पुरा होत नाहीं, चढत चढत होतो. मंद गतींत त्यास चढावयास सवड मिळते, तार तापते, आणि तापलेली तार त्यास अधिक अडविते. वेगांत तो चढतो न चढतो तोंच तुटतो, तार निवते व वाट सैल करते. फाजील झाला तर आंवरावें, कमी पडला तर सोडावें, हें काम ती विटकर कोणाच्या नजरेस न येतां करीत आली होती. दिव्याच्या तारेचा स्वभावही तोच. फक्त तो दिसतो. आबा काठी टेंकून पाहत उभे राहिले, आणि बराच वेळ त्यांनीं हुड मिटूं दिला नाहीं.

वालूरला पोंचलों तेव्हां अंधार पडला होता. बारवेच्या पायऱ्यांवर खालपासून पणत्या लागत वर येत होत्या. आबांस खालीं उतरणें शक्य नव्हतें. काठाशीं खुर्ची मांडून दिली, तेव्हां कोणत्या दगडावरून उडी मारीत असूं तें ते मुलांस दाखवूं लागले. दगड त्यांस लगेच सांपडला.

बंधु तळाशीं होता. आम्ही उतरूं लागलों. पायऱ्या फिरत जात असल्यामुळें त्याच्याकडे आमचें कधीं तोंड होई, कधीं पाठ. आणि काय बोलावें तें जुळवीपर्यंत आम्ही त्याच्यापाशीं येऊन पोंचलों. रुमाल सोडून विटकर त्याच्या हातीं दिली. ही चिरली होती, कार्ब्युरेटरचा दोष नव्हता, गाडी धुवावयास आम्हींच लाविलें होतें, इतकें सांगितलें. त्या रात्रींच्या वाक्याविषयीं जें म्हणावयाचें होतें तें घशाच्या वर आलें नाहीं.

त्यानें विटकर एका पणतीजवळ नेऊन तडा पाहिला. "किती ओहमची?"

"दीड."

"मिळेल बाजारांत," तो म्हणाला. मग थोड्या वेळानें म्हणाला, "तेल संपत आलें आहे. डबा गाडींत असेल ना?"

आम्ही पुन्हां सगळ्या पायऱ्या चढून गेलों व डबा घेऊन आलों. गुडघ्यांनीं त्याबद्दल आठवडाभर तक्रार केली.

नवी विटकर बंधूनेंच आणली. असल्या विटकरी वेगवेगळ्या ओहमच्या येतात. भलतीच बसविली तर ठिणगी दुबळी पडते, नाहीं तर पॉइंट जळतात. म्हणून त्यानें आधीं कॉइल मोजली, मग दुकान गांठलें. आम्ही पूजेंत असतांना त्यानें ती बसविली, गाडी तासभर उभी चालवून पाहिली, आणि किल्ली देवघराच्या फळीवर आणून ठेवली. गिऱ्हाइकास आम्हीं थांबावयास सांगितलें आहे. ट्रॅक्टरचा दिवा परत करावयाचा राहिला आहे; येत्या रविवारीं बंधु व आम्ही तो देण्यास जाणार आहों. गाडी कोणीं चालवावी हें अजून ठरलेलें नाहीं.